मुक्कामी गाडीचं देणं

गणितात कच्चं मूल ओळखायचं असेल तर त्याची वही नंतर बघा, आधी त्याची नजर बघा. उदाहरण फळ्यावर असतं आणि हे मूल बाईंच्या तोंडाकडे बघत असतं. "आठ," ते म्हणतं. बाईंच्या भुवया जरा हलल्या की लगेच, "नाही नाही, नऊ." भुवया तशाच राहिल्या तर, "सात." उत्तर येत नसलं तरी भुवया वाचता येतात, आणि त्यात ते इतकं तरबेज झालेलं असतं की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत बरोबर आकडा सापडतोही. बाई "शाबास" म्हणून पुढच्या बाकाकडे वळतात. मूल खाली बसतं. सातच का, हे त्याला अजून कळलेलं नसतं.

जिल्हा परिषदेच्या शाळांत मी नोकरीची सगळी वर्षं काढली. अशी मुलं मला पहिल्या आठवड्यातच दिसायची, कारण मी त्यातलीच. पाचवीत असताना वजाबाकी आली की माझ्या पोटात गोळा यायचा. "शेजाऱ्याकडून उसना घे," असं गुरुजी सांगत. मी घेई. तो परत कधी द्यायचा, शेजारीच शून्य असला तर कुणाच्या दारात जायचं, हे विचारायची सोय नव्हती. गुरुजी माणूस म्हणून वाईट नव्हते. एका खोलीत अनेक इयत्ता सांभाळताना ज्याला येतं त्याला पुढं न्यायचं आणि ज्याला येत नाही त्याला भिंतीकडे सरकवायचं, एवढंच त्यांच्या हातात उरे. त्यांनी मला 'ढ' म्हटलं आणि घरच्यांना ते पटलं. मलाही पटलं होतं.

त्या भिंतीपासून मला ज्यानं उठवलं तो माणूस शिक्षक नव्हता. तो एसटीचा कंडक्टर होता.

पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात आमचं गाव. रस्ता आमच्या पाराशी येऊन संपायचा, म्हणून गाडीही तिथंच संपायची. अंधार पडल्यावर येणारी शेवटची एसटी रात्रभर पाराजवळ उभी राही आणि उजाडायच्या आत तीच पहिली गाडी होऊन निघे. ड्रायव्हर गाडीतच आडवा होई. कंडक्टर कधी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, कधी आमच्या हॉटेलच्या बाकावर. हॉटेल म्हणजे वडिलांचं चहाचं दुकान: एक स्टोव्ह, दोन बाकं आणि भज्यांची परात. मुक्कामी माणसांना आईच्या हातचं कालवण-भाकरी मिळे. घरात वीज नव्हती. कोयनेचं पाणी डोंगरापलीकडे पोफळीला जाऊन राज्यभर दिवे लावत होतं आणि आम्ही कंदिलाच्या काचा पुसत होतो. पण ते रडगाणं वेगळं.

साल १९७७च्या आसपासचं. कंडक्टर बदलत राहत, तरी त्या दीडेक वर्षात एकच जण वरचेवर येई. माण तालुक्यातला, दहिवडीकडचा. काळासावळा, बोलायला तुटक, हसताना आवाज न करणारा. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणत असू. जेवण झालं की मामा कंदील जवळ ओढत, तिकिटांचा ट्रे मांडीवर घेत आणि वेबिल पसरत.

त्या ट्रेचं वर्णन केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, कारण आताच्या मुलांनी तो पाहिलेला नाही. आता कंडक्टरच्या गळ्यात मशीन असतं आणि त्यातून कागदाची पट्टी निघते. तेव्हा लांबट ट्रेमध्ये रंगीत तिकिटांच्या गड्ड्या ओळीनं लावलेल्या असत. पाच पैशांची एक, दहाची एक, वीसची, पन्नासची, रुपयाची. भाड्याला जेवढी लागतील तेवढी तिकिटं एकत्र फाडायची, चिमट्यानं भोकं पाडायची आणि उतारूच्या हातात ठेवायची. सुटे नसले तर राहिलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर लिहून द्यायचे. प्रत्येक तिकिटावर क्रमांक छापलेला. गाडी सुटताना गड्डीवरचा क्रमांक वेबिलात लिहायचा आणि दिवस संपताना पुन्हा लिहायचा. मधला फरक म्हणजे विकलेली तिकिटं. त्याला किमतीनं गुणायचं, सगळ्या गड्ड्यांची बेरीज करायची आणि ती पिशवीतल्या रोकडीशी जुळवायची. जुळली नाही आणि पैसे कमी भरले, तर उरलेले पदरचे.

म्हणजे दर रात्री, आमच्या बाकावर, कंदिलाच्या उजेडात हातच्याच्या वजाबाक्या मांडल्या जात होत्या. मी जवळच कपबशा विसळायची आणि डोळे रंगीत तिकिटांवर. एका रात्री मामांनी वर न बघताच विचारलं, "ह्या गड्डीवर सकाळी ३८६ हुतं. आता ४५२ हाय. किती गेली?"

सवयीनं मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते चिल्लर मोजत होते.

"माझ्या तोंडावर काय लिवलंय? गड्डीकडं बघ."

मी पाटीवरच्या पद्धतीनं सुरुवात केली. दोनातून सहा जात नाहीत, शेजाऱ्याकडून उसना... मामांनी हात हलवून थांबवलं. "ते साळंत कर. हितं चालत जा. ३८६ वरनं निघालीस. पयला थांबा कंचा?"

"३९०."

"किती चाललीस?"

"चार."

"म्होरला मोठा थांबा?"

"४००. दहा." मग चारशेवरून चारशे बावन्न, ते तर न मोजताच दिसत होतं. चार, दहा आणि बावन्न. सहासष्ट. उसना नाही, शेजारी नाही, शून्याची भीती नाही. दोन संख्यांमधला रस्ता मी पायी चालून आले होते. वजाबाकी म्हणजे काहीतरी काढून घेणं, एवढंच मला शाळेत कळलं होतं. ते अंतरही असतं, हे त्या रात्री कळलं. पुढं डी.एड.ला संख्यारेषेचा पाठ आला तेव्हा वर्गातल्या मुली कंटाळल्या होत्या आणि मला तिथं पाटणचा घाट दिसत होता.

पण मी मनात अडकले होते. ३८६ नंबरचं तिकीट विकलं ना? ४५२चंही धरायचं ना? मग सदुसष्ट का नाही? शाळेत मी हे कधीच विचारलं नसतं. इथं विचारलं, कारण समोरचा माणूस माझ्याकडे बघतच नव्हता. मामांनी गड्डी माझ्या हातात दिली. "वरचं तिकीट फाटलंय का?" फाटलेलं नव्हतं. ४५२ अजून गड्डीवरच होतं, उद्याच्या पहिल्या उतारूसाठी. विकलेलं शेवटचं ४५१. तीनशे शहाऐंशीपासून चारशे एक्कावन्नपर्यंत, दोन्ही धरून सहासष्ट. दोन टोकं धरायची की एक, या गोत्यात भली भली माणसं सापडतात; पाच तारखेपासून दहा तारखेपर्यंत किती दिवस, असं कुणालाही विचारून बघा. मला ते कोड्यासारखं कुणी घातलं नाही. तिकीट फाटलंय की नाही, एवढंच बघायचं होतं.

मग वीस पैशांची सहासष्ट म्हणजे किती? मामा म्हणाले, साठांचे बारा रुपये, सहांचा रुपया वीस. तेरा रुपये वीस पैसे.

त्यानंतर मुक्कामाला मामा असले की एका गड्डीचा हिशोब माझ्याकडे येऊ लागला. पुढं दोन गड्ड्या, मग सगळ्या. त्यांची एक अट होती: तोंडी सांगायचं नाही. जुन्या वेबिलाच्या कोऱ्या पाठीवर प्रत्येक टप्पा लिहायचा. ३८६, खाली ३९०, बाजूला ४. "डोक्यातलं डोक्यात ऱ्हायलं तर उद्या सकाळी सापडत न्हाय," असं ते म्हणत. तेव्हा मला ही अट जाचक वाटे, कारण तोंडी मला आता भराभर येऊ लागलं होतं. तिचं मोल मला फार उशिरा कळलं.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०२५मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकासमोर अवघड हिशोब तोंडी, बिनचूक करतात. तीच मुलं शाळेच्या पद्धतीनं कागदावर मांडलेल्या सोप्या उदाहरणांपाशी अडतात. बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचं उलट. हे वाचून बरेच जण हळहळले. मला ते ओळखीचं वाटलं. बाजारात बसवलं की गणित आपोआप येतं, असं म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांना मी विचारते, बाजारातला हिशोब वहीपर्यंत आणणार कोण? माझ्या बाबतीत ते काम वेबिलाच्या कोऱ्या पाठीनं केलं. मामांनी मला तिकिटांतून गणित शिकवलं ही अर्धीच गोष्ट झाली. तिकिटांतलं गणित त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, हे उरलेलं अर्धं.

आणि एक रात्र. बाहेर पाऊस लागला होता, गाडी उशिरा आली होती, मामा दमलेले. मी सगळ्या गड्ड्यांचा हिशोब करून कागद पुढं केला. त्यांनी तो घेतला, पेन काढलं आणि माझे आकडे एकामागून एक वेबिलावर उतरवले. तपासले नाहीत. निदान मला तसं दिसलं. वेबिल घडी घालून पिशवीत ठेवलं आणि ते आडवे झाले.

मला झोप आली नाही. एखादा आकडा चुकला असेल तर? डेपोत पैसे कमी पडले, मामांना पदरचे भरावे लागले तर? अंथरुणात पडल्या पडल्या मी सगळ्या गड्ड्या पुन्हा चालून आले. पहाटे गाडी निघून गेली. ते पुन्हा मुक्कामाला आले तेव्हा मी गाडीच्या दारातच त्यांना गाठलं. "मामा, पैसे शॉर्ट आले का?"

"का? तुझा हिशोब चुकलाय?"

मी क्षणभर थांबले. "नाही."

"मग कशापायी येतील?"

आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या उत्तराबद्दल मी 'नाही' म्हटलं होतं, आणि तेही कुणाच्या भुवया न बघता. शाबासकी मिळाली नाही. शाबासकी मला शाळेतही मिळाली होती, भुवया वाचून मिळवलेली, आणि ती फुकटची आहे हे मला माहीत होतं. मूल हुशार आहे असं त्याला सांगत राहा, म्हणजे त्याचा आत्मविश्वास वाढेल, असं प्रशिक्षणांतून आम्हाला कितीदा ऐकवलं गेलं. माझा अनुभव वेगळा आहे. माझं उत्तर कुणीतरी वापरलं, त्यावर कुणाचा तरी पगार अवलंबून होता, आणि ते टिकलं. बरोबर-चूक ठरवायचं काम मामांनी स्वतःकडे ठेवलंच नाही, रोकडीवर सोपवलं.

हा माणूस असा का होता, हे मला आईनं पुढं सांगितलं. ते जेवताना आईशी चार शब्द बोलत. १९७२च्या दुष्काळात मामा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. आई-वडिलांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मजुरी फोडलेल्या खडीच्या मापावर, ब्रासच्या हिशोबानं. मोजणाऱ्याचं माप आखूड पडे आणि ज्यांना मोजता येत नव्हतं ते गप्प राहत. मॅट्रिकचा पोरगा लांबी, रुंदी, उंची स्वतः घेऊन गुणाकार करू लागला, तेव्हा त्याच्या टोळीचं माप नीट पडू लागलं. आपल्या हिशोबावर चार घरांची भाकरी अवलंबून असली की काय होतं, हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं.

शाळेत लगेच काही चमत्कार झाला नाही. उत्तर बरोबर, रीत चूक म्हणून गुण कापले जात. मी दोन्ही करायला शिकले. कच्च्या कामाच्या जागी मामांची रीत आणि वर शाळेची. दहावीला तेव्हा गणित दीडशे गुणांचं असे, पंचाहत्तर बीजगणिताला आणि पंचाहत्तर भूमितीला. फार उजेड पाडला नाही, पण ज्या विषयात पहिल्या घटक चाचणीपासून आपटले होते त्यात मी आरामात निघाले. तोवर मामांची बदली होऊन ते दुसऱ्या मार्गावर गेले होते. निरोप घेण्याचा प्रसंग वगैरे आला नाही. एके दिवशी मुक्कामाला दुसरे कंडक्टर आले आणि त्यांनी ट्रे गाडीतच ठेवला.

मी शिक्षिका झाले ती कराड तालुक्यात. तिथं पहिल्या वर्षी एका मुलानं ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहिलं. त्याच्या वहीवर आधीच्या वर्षाच्या अशाच उत्तरांवर लाल फुल्या होत्या, पानंच्या पानं. मी विचारलं, "कसं काढलंस?" तो गडबडला. हा प्रश्न फक्त चुकल्यावर विचारतात, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून मी बरोबर आलेल्या उत्तरांनाही तोच प्रश्न विचारायची सवय लावून घेतली. काही दिवसांनी तो बोलला: "दोनातून सात जात नाहीत. मग सातातून दोन घालवले. पाच. पाचातून दोन, तीन." यात आळस नव्हता, विचार होता. मोठ्यातून लहान जातं, लहानातून मोठं जात नाही, हा नियम त्यानं प्रामाणिकपणे पाळला होता. अशी मुलं वाटेल तिथं चुकत नाहीत. ती एकाच जागी, एकाच कारणानं, पुन्हा पुन्हा चुकतात, आणि ती जागा फुलीनं सापडत नाही.

त्याला मी काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या. सत्तावीस मागितल्या. तो गठ्ठ्यांकडे बघत राहिला. रबर सोडायला तयार होईना; गठ्ठा फोडणं म्हणजे काहीतरी बिघडवणं, असं त्याला वाटत असावं. शेवटी एक रबर निघालं, दहा काड्या जमिनीवर पसरल्या आणि "उसना" कुठून येतो हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग मी त्याला सत्तावीसवरून बावन्नपर्यंत चालायलाही लावलं. तीन, वीस, दोन. पंचवीस. दोन वाटांनी एकच आकडा आला. "म्हणजे बरोबर आहे," तो म्हणाला. त्यानं विचारलं नाही, सांगितलं.

काड्या-मण्यांबद्दल थोडं बोलते, कारण त्यावर खूप पोथ्या झाल्या. आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शाळांतल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. फरशीवर आखलेली गणितं, गठ्ठे, मणी, मुलं जमिनीवर पालथी पडून काम करताहेत. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला आले. २०१५मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला आणि गावोगावच्या फरशा रंगल्या. कुमठ्यातलं काम अस्सल होतं. पण बऱ्याच ठिकाणी रंग पोचला आणि प्रश्न पोचला नाही. काड्या हातात देऊन "आता हे कर, आता ते कर" असंच सांगायचं असेल तर फळा काय वाईट? मूल मग बाईंच्या भुवयांऐवजी बाईंच्या बोटाकडे बघतं.

संख्यांच्या नावांचा घोळ तर आपल्या मराठीत मोठाच. त्रेपन्न ऐकलं की कानावर आधी तीन पडतात आणि लिहायचे मात्र आधी पाच. पस्तीस आणि त्रेपन्न यांत अडखळणारं मूल मूर्ख नसतं, ते कानाचं ऐकत असतं. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी शांतपणे त्यामागचं कारण सांगितलं. ऐकायला फारसं कुणी तयार नव्हतं. विनोद मात्र खूप झाले. मी तेव्हा वर्गात होते आणि माझं मत साधं आहे: दोन्ही नावं शेजारी शेजारी चालू द्या, भाषा बुडत नाही. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातली मुलं आमच्या शाळेत येत. त्यातली एक मुलगी सदुसष्टला "तीन इसा आन् सात" म्हणे, तिच्या आजीसारखं. वर्ग हसला. मी फळ्यावर तीन विसा मांडले आणि पुढं सात. वर्गातल्या हुशार मुलांना विचारलं, चार इसा आन् अकरा म्हणजे किती? ती बोटं मोजत बसली आणि ही मुलगी "एक्क्याण्णव" म्हणून मोकळी झाली. तिला एक्क्याण्णव हा शब्द येत होता, हे मलाही तेव्हाच कळलं.

पण मामांचं खरं देणं मी फेडायचा प्रयत्न केला तो खिचडीत. शालेय पोषण आहारात आधी महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत असे. पुढं शाळेतच शिजू लागला. पहिली ते पाचवीला मुलामागं १०० ग्रॅम, सहावीपासून आठवीपर्यंत १५० ग्रॅम. रोज हजेरी घ्यायची, तांदूळ काढायचा, नोंद करायची. हे काम शिक्षक करतात आणि वैतागतात. मी ते गणितात मागं असलेल्या मुलांकडे दिलं. हुशारांना मुद्दाम दिलं नाही. त्यांच्या आयांनी तक्रारही केली.

लहान वर्गांत आज ६४ हजर, मोठ्यांत ३८. चौसष्टांचे सहा किलो चारशे ग्रॅम. अडतिसांना दीडशेनं गुणताना एक मुलगी अडली. मग तिनं स्वतःच वाट काढली. अडतीस शंभर, आणि त्याचं निम्मं. तीन हजार आठशे आणि एकोणीसशे, म्हणजे पाच किलो सातशे. एकूण बारा किलो शंभर. एकदा एका मुलानं दशांश चिन्हाची जागा चुकवून चौसष्ट किलो लिहून आणलं. मी काही बोलले नाही, चिठ्ठी तशीच स्वयंपाकाच्या मावशींकडे जाऊ दिली. मावशी पदर खोचून बाहेर आल्या. "कुनाचं लगीन हाय?" पोरगा चिठ्ठी घेऊन पळाला आणि येताना सहा किलो चारशे घेऊन आला. दशांश चिन्हावरचा माझा कुठलाही पाठ इतका नीट बसला नसता. पातेलं त्याच्यावर रागावलं नव्हतं. त्याला फक्त आकडा लागत होता.

वजाबाकीच्या सरावासाठी मी कापरेकरांना हाक मारी. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर, आपल्यासारखेच. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, आणि वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि तिथून हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळ्या संख्या तिथंच येऊन थांबतात. हातच्याच्या वजाबाक्यांचं पान दिलं की जी मुलं लघवीला जायची परवानगी मागत, ती मधल्या सुट्टीत भिंतीवर खडूनं हे करत बसत. यात एक सोय फार मोठी आहे: ६१७४ आलं नाही तर चूक कुठंतरी आपलीच, आणि ती शोधायला बाई लागत नाहीत.

निवृत्त झाल्यावर मी मामांचा पत्ता काढला. डेपोतल्या एका जुन्या माणसानं गाव सांगितलं. अर्ध्या तिकिटात दहिवडी गाठली, तिथून पुढं वडाप. मामा आता पंचाहत्तरीचे. मला ओळखलं नाही. आईच्या हुलग्याच्या माडग्यावरून ओळख पटली. ते त्यांना चवीसकट आठवत होतं. तिकिटांचा हिशोब? "पोरं बसायची काय काय करत," एवढंच. त्यांच्या दृष्टीनं मी त्या बाकावरच्या पोरांपैकी एक. मी त्यांना पावसाची ती रात्र सांगितली, त्यांनी न तपासता माझे आकडे वेबिलावर कसे लिहिले ते. मामा आवाज न करता हसले.

"न तपासता? बाई, पाच पैशाला मेमो हुता. तुम्ही झोपल्यावर समदं तपासलं आसंल की."

मी तिथंच खळखळून हसले. इतकी वर्षं मी ज्याला विश्वास म्हणत आले त्यामागं कंदिलाच्या उजेडात पुन्हा केलेला अख्खा हिशोब होता, दमलेल्या माणसानं, एका पोरीला कळू न देता केलेला. माझ्या खात्यावरचं देणं कमी होण्याऐवजी वाढलंच. मीही खिचडीचा आकडा चिठ्ठी जायच्या आधी मनात करून ठेवत असे. चौसष्ट किलोची चिठ्ठी मी जाणूनबुजून सोडली होती. हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं मी समजत होते.

चहा आला. त्यांची चौथीतली नात उंबऱ्यात गृहपाठ घेऊन बसली होती. मामा म्हणाले, "हिला भागाकार जमंना झालाय. नवीन रीत आमाला कळत न्हाय. बघा जरा." वहीत ६१२ भागिले ६, उत्तर १२. शेजारी लाल फुली.

"कसं काढलंस?"

"सहाला सहानं एक. एकाला जात नाही. बाराला दोन."

"सहाशे बारा रुपये सहा जणांना वाटले. प्रत्येकाला किती देशील?"

ती थोडा वेळ गप्प बसली. "शंभर तर पहिलेच द्यावे लागतील." मग वहीकडे बघून तिचा आवाज चढला. "मग नव्वद कुणी खाल्ले?"

आता मामा खुर्चीतून पुढं वाकले. "खातंय कोण! मधला रकाना मोकळा सोडलाय तू. ज्या गड्डीतलं एकबी तिकीट गेलं न्हाय, तिच्याम्होरं बी शून्य मांडावंच लागतं. मोकळं सोडलं तर डेपोत पयलं तेच धरत्यात."

"हे वेबिल नाहीये आजोबा, गृहपाठ आहे," ती म्हणाली, आणि एक आणि दोनच्या मधे जागा करून शून्य मांडलं.